पिल्लीचे केस

"घरात जनावर पाळलंय का काही?" डॉ. हंचाट्यांनी ह्यांच्या पाठीवरची नळी काढत विचारलं.

"मांजर आहे," हे म्हणाले.

इतक्या लगेच म्हणाले, की मी वळून बघितलं. एरवी ह्यांच्याकडून उत्तर काढायचं म्हणजे खोल आडातून पोहरा काढणं. ओढ ओढ ओढायचं, आणि वर आला तर अर्धा रिकामा.

"केस गळतात त्याचे?"

"गळतात म्हणजे? घरभर. अंथरुणात, कपड्यांत, भाकरीच्या दुरडीतसुद्धा."

भाकरीच्या दुरडीत आजवर एक केस निघाला नव्हता. दुरडी माझी, भाकऱ्या माझ्या, मला कळणार नाही? मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात ह्यांना उबळ आली. खोकताना हे दोन्ही हात गुडघ्यांवर रोवत आणि मान खाली घालत. जमिनीवर काहीतरी बारीक हरवलंय आणि तेच शोधतायत, असं वाटायचं. उबळ थांबेस्तोवर डॉक्टरांची चिठ्ठी लिहून झाली होती.

"मांजर बाहेर काढा, येमूल. गोळ्या देतो, ओढायचं औषध देतो. महिन्यानं दाखवा."

परत येताना रिक्षात दुरडीचा अपमान मी गिळला. तेवढाच गिळला असता तर बरं झालं असतं.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर होतं. रस्त्याच्या बाजूला मागांची खोली, तिच्या पाठीला राहायच्या दोन खोल्या, मध्ये एक दार. मागांच्या खोलीत दोन यंत्रमाग, टॉवेलांचे. सकाळी सातला सुरू व्हायचे ते दिवेलागणीनंतरही चालायचे. बाहेरचा पाहुणा आला की पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवायचा, आणि आम्ही त्याच्याकडे दयेनं बघायचो. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही. सासूबाई दाराशी चाक घेऊन बसत आणि मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरत. आम्ही तेलुगू माणसं, सासूला अत्तम्मा म्हणतो. ह्यांचं नाव अंबादास, पण ते नाव अत्तम्माच काय ते घ्यायच्या, तेही 'अंबू' करून. मला सगळे वरा म्हणत.

मांजर माझ्या मुलीचं, भार्गवीचं. ती तेव्हा दहा वर्षांची होती. मांजर राखी अंगाचं, पांढऱ्या पोटाचं. नाव पिल्ली. तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर. मांजराचं नाव मांजर ठेवणारं घर आमचं एकटंच असेल. अत्तम्मा म्हणाल्या होत्या, "बाकीची नावं देवादिकांची असतात. शिव्या घालायला अडचण होते."

डॉक्टरांचं म्हणणं मी भार्गवीला सांगितलं, तेव्हा ती रडली नाही. दप्तर खाली ठेवून सरळ मागांच्या खोलीत गेली आणि बापापुढे उभी राहिली. ह्यांनी माग थांबवला नाही, पण मान वळवली.

"नान्ना, तिचे केस गळायचे थांबले तर?"

"मांजराचे केस कसे थांबतील?"

"थांबवले तर?"

हे धोट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरांनी महिन्यानं बोलावलंय. तोवर बघ. नाही जमलं, तर अक्कलकोटला मामाकडे पाठवायची."

इतक्या सहज महिना दिला, की मला भरून आलं. मला वाटलं, बाप आहे, लेकीसाठी पाघळला.

अत्तम्मांचा उपाय तयारच होता. "तिरुपतीला न्या आणि मुंडण करून आणा. देवालाही पोचेल, घरालाही सुख."

"मांजराचं मुंडण चालत नाही, नानम्मा," भार्गवी रागानं म्हणाली. आजीला ती नानम्मा म्हणायची.

"का नाही? माझं तीनदा केलंय. मी काय मांजरापेक्षा कमी आहे?"

मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं सगळं रद्दीच्या कागदांवर आणि लोकांना विचारून. विचारायची मला लाज नाही. दुसऱ्या दिवशी पिल्लीला कापडी पिशवीत घातलं, तिचं डोकं बाहेर ठेवलं, आणि आम्ही मायलेकी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. पुढे तीन म्हशी, एक शेळी, दोन बैल. आमच्या पिशवीकडे बघून एक म्हसवाला म्हणाला, "ताई, दूध किती देते?"

"तुमच्या म्हशीएवढंच," मी म्हटलं, "पण पाणी घालत नाही."

तिथले डॉक्टर अत्तार म्हणून होते. तरुण होते, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. ते धुऊन आले आणि पिल्लीला टेबलावर घेतलं. पाठीवर फुंकर मारून त्यांनी केसांत भांग पाडला आणि खाली वाकून बघितलं.

"रोग आहे का साहेब?" मी विचारलं.

"कातडी बघा. गुलाबी आहे, स्वच्छ आहे. चट्टा नाही, खपली नाही, कुठे टक्कल नाही. हा रोग नाही, ताई, हा फाल्गुन आहे. थंडीचे केस उतरतायत. बाहेरच्या मांजराचे वर्षातून दोनदा उतरतात. घरातलं मांजर दिव्याखाली राहतं, त्याच्या अंगाला ऋतू नीट कळत नाही, म्हणून ते बाराही महिने थोडं थोडं टाकत बसतं."

"भादरून टाकलं तर? माझ्या सासूबाई म्हणतात मुंडण करा."

"मुळीच नाही. ऊन यायला लागलंय. त्या केसांनीच तिला ऊन लागत नाही. विंचरा. रोज विंचरा." मग ते भार्गवीकडे वळले, कारण ती त्यांच्या तोंडाकडे देवाकडे बघावं तशी बघत होती. "आधी ओला हात फिरवायचा. मग फणी, केस ज्या दिशेला आहेत त्याच दिशेनं. पोटाला हळू. ती उठून गेली तर जाऊ द्यायचं, ओढायचं नाही. फणीत आलेला केस गादीवर जात नाही, आणि तिच्या पोटातही जात नाही."

"खोकला जाईल का मग?" भार्गवीनं विचारलं.

"कोणाचा?"

"नान्नाचा."

"खोकला नुसत्या केसानं नाही येत. मांजर अंग चाटतं, ती थुंकी केसावर वाळते आणि तिची भुकटी उडते. तिला रोज ओल्या फडक्यानं पुसा. तिचं अंथरूण वेगळं करा, दोन दिवसांनी धुवा. वडील झोपतात त्या खोलीत तिला घेऊ नका. एवढं सगळं करून महिन्यात फरक पडला नाही..."

"तर?" मी म्हटलं.

"तर मग मांजराला दोष देऊ नका. दुसरं काही बघा. मी जनावरांचा डॉक्टर, ताई. तुमच्या मालकांचं मला काय कळणार?"

त्या दिवसापासून आमच्या घरात पिल्लीची पूजा सुरू झाली. शाळेतून आली की भार्गवी ओट्यावर बसायची, मांडीवर पिल्ली, शेजारी पाण्याची वाटी. पहिले चार दिवस दोघींच्या हातांवर ओरखडे होते. मी उवांची बारीक फणी दिली होती, ती पिल्लीला मुळीच पसंत पडली नाही. मग माझा रुंद दातांचा कंगवा गेला. सगळ्यात चांगला निघाला तो आमच्याच मागावरचा टॉवेल. नापास झालेला एक तुकडा ओला करून पिळून पिल्लीच्या अंगावरून फिरवला, की त्याच्या सुताच्या फेरांत सुटे केस अडकून बसायचे. भार्गवी ते वेचून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरायची. आठ दिवसांत डबा भरला. अत्तम्मांनी झाकण उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "आत दुसरं मांजर बसलंय."

मी पिल्लीच्या जेवणात रोज अंड्याचा बलक घालायला लागले. अंथरुणासाठी ओट्यावर पोतं टाकलं, ते एक दिवसाआड धुतलं. ह्यांच्या खोलीचं दार बंद. दाराबाहेर बसून पिल्ली आमची वंशावळ काढायची.

भार्गवीनं दिनदर्शिकेवर खूण ठेवायला सुरुवात केली. मांजराचं तोंड काढायचं, आणि जितके केस, तितक्या मिशा. मुठीएवढे केस असले की सहा मिशा, चिमूटभर असले तर एक. मीही तिथंच एक टिंब द्यायला लागले. रात्री निजताना ह्यांची छाती भरलेली असली, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, की टिंब. मला वाटलं होतं, मिशा आणि टिंबं बरोबरीनं कमी होतील.

मिशा कमी झाल्या. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला दोन, मग एक. फाल्गुन सरत आला होता, पिल्लीच्या अंगाला नवी चकाकी आली होती. टिंबं मात्र जिथल्या तिथं. रिकामा वार एकच, शुक्रवार. आमच्या गल्लीतले माग शुक्रवारी बंद असत. शनिवारी पुन्हा टिंब, आणि तेही मोठं. मी ते बघितलं. आणि स्वतःला सांगितलं, सुट्टीच्या दिवशी माणूस आराम करतो, बरं वाटणारच. स्वतःला समजावणं मला फार चांगलं जमायचं.

संध्याकाळी हे गुळाचा खडा तोंडात टाकत. गल्लीतले सगळेच पुरुष टाकत. गुळानं घसा साफ होतो. घशात काय गेलेलं असतं, हे कोणी विचारत नसे.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी मी ह्यांची खाट सरकवली आणि झाडायला बसले. मागच्या पायापाशी राखी रंगाची एक गुंडाळी निघाली, लिंबाएवढी. मऊ.

अत्तम्मांनी दारातून बघितलं. "घे. महिनाभर न्हाऊ घातलं, माखू घातलं, बलक चारला. तरी हे. उद्या जाऊ दे तिला अक्कलकोटला."

"अत्तम्मा, ह्या खोलीत ती पंचवीस दिवस आलेली नाही."

"मग आधीचं असेल."

"खाट मी दर आठवड्याला सरकवते."

मी ती गुंडाळी बोटांत चोळली. राखी होती खरी. पिल्लीसारखीच राखी. पण संक्रांतीपासून आमच्या दोन्ही मागांवर राखी टॉवेल होते, एका मोठ्या हॉटेलचे.

विणकराच्या घरात सूत ओळखायची एक रीत असते. व्यापारी काहीही सांगो, आपण धागा काडीनं पेटवून बघायचा. सुती असला तर कागदासारखा भुर्रकन जळतो, वासही कागदाचा येतो, आणि मागे मऊ राख उरते, फुंकली की जाणारी. लोकर, रेशीम, केस, असं जिवंत अंगावरचं काही असलं तर ते जळत नाही, आक्रसतं. घाण सुटते आणि टोकाला काळा मणी धरतो. लग्न होऊन आले तेव्हा अत्तम्मांनीच मला हे शिकवलं होतं.

मी डब्यातले पिल्लीचे थोडे केस घेतले, वाटीत ठेवले आणि काडी लावली. ते वाकडे झाले. नाक धरावं अशी घाण सुटली. मग खाटेखालची गुंडाळी. ती क्षणात गेली. वाटीत मऊ राख राहिली, आणि जुनी वही जळल्याचा वास.

वाटी मी अत्तम्मांपुढे धरली. साठ वर्षं सूत हाताळलेली बाई. त्यांनी वास घेतला नाही. बघितलंही नाही. चाकाकडे तोंड फिरवून म्हणाल्या, "ह्या कांडीचं सूत आज सारखं तुटतंय." सूत तुटत नव्हतं. वास घ्यायची त्यांना गरज नव्हती, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

मी वाटी घेऊन मागांच्या खोलीत गेले. चालू मागांत कोणी ओरडून बोलत नाही, उपयोग नसतो. आम्ही सगळे ओठांनी बोलतो. बाहेरच्याला वाटेल दोन मुकी माणसं समोरासमोर उभी आहेत. उंबऱ्यावरून बघितलं तर खोलीत धुकं असल्यासारखं दिसत होतं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तर नीट दिसत होतं, काय तरंगतंय ते. ह्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, मिशीवर, सगळीकडे राखी लव चढली होती. मी वाटी पुढे केली.

"खाटेखालचं आहे," मी ओठांनी म्हटलं. "मांजर नाही."

ह्यांनी राखेकडे बघितलं. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

तेवढ्यात पलीकडच्या मागावर धागा तुटला. हे वळले, न बघता दोन्ही टोकं शोधली, गाठ मारली, आणि परत आले. ज्या बोटांना अंधारात जाडं वीसचं सूत आणि बारीक चाळीसचं सूत वेगळं कळतं, त्या बोटांना उशीवर काय पडतंय ते कळलं नसेल? मी कुठल्या जगात होते?

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"माग बंद करा म्हणाले असते."

"मग?"

"मग सकाळी उठून मी काय करू, वरा?"

लग्नाच्या इतक्या वर्षांत ह्यांनी मला कधी प्रश्न विचारला नव्हता. हे आण, ते दे, एवढंच. हा पहिला. हेच पुढे म्हणाले, "नवव्या वर्षी बापानं इथं उभं केलं. तेव्हापासून इथंच आहे. इथून बाहेर गेलो तर मी कोण?" मग माझ्या खांद्यापलीकडच्या दाराकडे बघत, "भार्गवीला सांगू नको."

आता मला त्यांचा महिना समजला. मांजर लगेच घालवलं असतं आणि खोकला राहिला असता, तर पुढे कोणाला धरायचं? मांजर घरात असेपर्यंत खोकल्याला कारण होतं. पाघळले वगैरे काही नव्हते. किंवा पाघळलेही असतील. माणसात दोन्ही असतं.

ह्यांचं सांगितलं, आता माझंही सांगते.

त्या पहिल्या दिवशी दवाखान्यात, मांजराच्याही आधी, डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला होता. "काम काय करता, येमूल?" आणि हे म्हणाले होते, "टॉवेलचं दुकान आहे." मी शेजारच्या खुर्चीवर होते. समोर भिंतीवर फुफ्फुसांचं रंगीत चित्र लावलेलं होतं, झाडासारखं, फांद्या फांद्यांचं. मी ते चित्र बघत राहिले. भाकरीच्या दुरडीबद्दल हे खोटं बोलले तेव्हा मी तोंड उघडलं. ह्या खोट्यावर माझा ओठ हलला नाही. मलाही माग हवे होते. तो आवाज बंद पडलेलं घर मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. नवऱ्याच्या छातीत काय साठतंय ते दिसत असताना मी मनातल्या मनात म्हणत होते, देवा, मांजर असू दे. आणि ते मांजर माझ्या पोरीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो.

"मांजर काढलं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी भिंतीवरच्या चित्राकडे पाठ होईल अशी खुर्ची ओढून घेतली.

"मांजर घरातच आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "ह्यांचं दुकान नाही. घरात माग आहेत, दोन. त्यांच्या पलीकडच्या खोलीत आम्ही झोपतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी ह्यांचा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं बघितली. वर्षानुवर्षं सूत धरून धरून तिथली कातडी काचेसारखी गुळगुळीत झाली होती.

"किती वर्षं?"

"एकतीस," हे म्हणाले. स्वतः म्हणाले.

"सोलापुरात दवाखाना चालवतो," डॉक्टर म्हणाले, "आणि ही बोटं मी त्या दिवशी बघितली नाहीत. तुम्ही दुकान म्हणालात, मी दुकान लिहिलं. सगळ्यांनाच सोपं गेलं."

छातीचा फोटो काढून आणला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला आणि बोटानं दाखवलं. मला काही कळलं नाही. धुक्यासारखं दिसलं, मागांच्या खोलीतल्यासारखं.

"आत जे झालंय ते आता मागे जाणार नाही. पुढचं थांबवता येईल. पण तेही, तिथून बाहेर पडलात तर. 'आज नाही तर उद्या' असं नाही, येमूल. आज."

त्यानंतर हे अकरा वर्षं जगले. त्यांतली आठ वर्षं खरोखरच एका टॉवेलच्या दुकानात काढली, गल्ल्यामागे स्टुलावर बसून. गिऱ्हाइकाला टॉवेल दाखवताना नुसतं बोट फिरवून सूत सांगायचे. पण ते सगळं पुढचं.

त्या दिवशी घरी आलो, आणि ह्यांनी हातपाय धुऊन माग सुरू केले.

मी भाकऱ्या केल्या. अत्तम्मा कांड्या भरत होत्या. जेवून हे पुन्हा मागांवर गेले. दुपार तशीच गेली. मी आतून त्या आवाजाकडे कान लावून बसले होते. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला तो ऐकू येत होता.

चारला भार्गवी शाळेतून आली. डॉक्टरांकडे काय झालं, असं तिनं विचारलं नाही. महिना संपला होता, खोकला होता, तिला आपला हिशेब कळत होता. तिनं कोपऱ्यातली वेताची टोपली काढली, तळाला धुतलेलं पोतं अंथरलं, वर तो नापास टॉवेल घडी करून ठेवला. माझा कंगवा ठेवला. मी बघत होते. मला सांगता आलं असतं. पण ते सांगायचं माझं नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं, आणि आजही नक्की नाही.

टोपलीत पिल्लीला बसवून ती मागांच्या खोलीच्या दारात गेली. एका हातात वहीचा फाडलेला कागद होता. ह्यांनी मान वळवली तेव्हा तिनं ओठांनी विचारलं. आमच्या पोरांना ती भाषा बोलण्याआधी येते.

"नान्ना, कागद टोपलीत ठेवू की मामाच्या हातात देऊ? विंचरायचं कसं ते लिहिलंय."

ह्यांनी हात पुढे केला. तिनं कागद दिला. मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, मी नंतर वाचलं: आधी ओला हात. मग फणी. पोटाला हळू. ती उठून गेली तर जाऊ द्यायचं. बलक रोज. ती वाईट नाही.

हे तो कागद धरून उभे राहिले. एवढ्या ओळी वाचायला लागतो त्याहून खूप जास्त वेळ. मग भिंतीपाशी गेले आणि एका मागाचं बटण खाली ओढलं. अर्धा विणलेला टॉवेल तसाच थरथरून थांबला. मग दुसऱ्याचं.

असं शांत झालं, की अत्तम्मांच्या चाकाची कुरकुर ऐकू आली. मग तीही थांबली.

वीज गेली तर सगळ्या गल्लीचे माग एकदम थांबतात. एकाच घरातले माग भर दुपारी थांबले, तर आमच्या गल्लीत त्याचा अर्थ एकच असतो. दोन मिनिटं झाली नसतील, बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. समोरचे गड्डम मामा उंबऱ्यात उभे होते, लुंगीवर, उघडे, हातात धोटा तसाच. त्यांच्यामागे त्यांची सून डोक्यावर पदर घेऊन. मग आणखी चारपाच जण. कोणी आत येईना.

"कोण?" मामांनी हळूच विचारलं. "वहिनी का?"

"मी आहे अजून!" अत्तम्मा आतून म्हणाल्या. "गेले की माग बंद करायला मीच येईन."

कोणी हसलं नाही. मामांनी ह्यांच्याकडे बघितलं.

"कोणी गेलं नाही, मामा," हे म्हणाले. इतक्या शांततेत बोलायची त्यांना सवय नव्हती; आवाज जरा मोठा लागला. "मीच बंद केले."

"का रे? माग बिघडले?"

ह्यांनी उत्तर मामांना दिलं नाही. भार्गवी टोपली कमरेवर घेऊन दारात उभी होती, तिच्याकडे बघत ते म्हणाले, "मांजराचे केस नव्हते. सूत होतं. मला माहीत होतं."

गल्लीतल्या लोकांना मांजराचं काही कळलं नाही. सुताचं मात्र कळलं असावं, कारण 'म्हणजे काय?' असं कोणी विचारलं नाही. मागे उभा असलेला कोणीतरी खोकला. त्याच्याकडे कोणी वळून बघितलं नाही.

भार्गवीनं बापाकडे एकटक बघितलं. मोठ्या माणसासारखं. मग तिनं टोपली खाली ठेवली, पिल्लीला उचलून छातीशी धरलं आणि पाठ फिरवून आत निघून गेली. त्यांच्याशी ती पुढे चार दिवस बोलली नाही. त्यांनीही बोल म्हटलं नाही.

लोक गेले नाहीत. मामा उंबऱ्यावर बसले. सून भिंतीला टेकली. बाकीचे खाली ओट्यावर बसले, पाय पोटाशी घेऊन, बोलायचं काही नसताना मयताच्या घरी बसतात तसे. हे थांबलेल्या दोन मागांच्या मध्ये उभे होते, हातात कागद. हवेतलं सगळं सावकाश खाली बसत होतं.

मयताच्या घरात चूल पेटत नाही. मी आत गेले, गॅस पेटवला आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.